जीपविद्युतीकरणमीमांसा : नगर शाखा

क्षुल्लक विषयावर भारदस्त लिहिण्याची परंपरा नगरला जुनी आहे. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीतल्या मंडळींना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडलं. तिथं पंडित नेहरूंनी भारताचा शोध घेतला आणि मौलाना अबुल कलाम आझादांनी चहाचा. 'गुबार-ए-खातिर' या नावाने 1946 साली प्रसिद्ध झालेल्या मौलानांच्या पत्रांत चहा कोणता प्यावा आणि त्यात दूध ओतणारे लोक त्याचं कसं वाटोळं करतात, याचा सविस्तर ऊहापोह आहे. खोलीत घरटं बांधणाऱ्या चिमण्यांनाही त्यांनी अशीच जागा दिली. बाहेर महायुद्ध चालू होतं. प्रस्तुत प्रबंधाला ती उंची नाही. पण गाव तेच आहे, आणि विषयाचा क्षुल्लकपणाही त्याच तोलाचा आहे, असा प्रबंधकाराचा नम्र दावा आहे.

विषय असा : दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपचं इंजिन उतरवून तिथं मोटर आणि बॅटरी बसवावी, की बसवू नये?

हा प्रश्न इतर जिल्ह्यांतही पडतो. पण नगर जिल्ह्यात तो जितका सांगोपांग पडतो तितका अन्यत्र पडत नाही, आणि याचं कारण लष्करी आहे. नगरला रणगाड्यांच्या दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचं केंद्र आहे, खारेकर्जुन्याच्या बाजूला रणगाड्यांच्या गोळीबाराची के. के. रेंज आहे. 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे, आणि त्यात एक चिलखती रोल्स-रॉइस शांतपणे उभी आहे. वर संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, जिला नगरकर नुसतं 'व्हीआरडीई' म्हणतो आणि पुढे काही सांगायची गरज नाही असं समजतो. ज्याचा मामा, चुलता किंवा शेजारी कधी ना कधी सरकारी गाडीखाली उताणा झोपून काहीतरी आवळत नव्हता, असा माणूस या तालुक्यात सापडणं कठीण. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपा, ज्यांना सगळे 'डिस्पोजलची गाडी' म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या वाड्यांत, वस्त्यांवर आणि गॅरेजांत मुरल्या आहेत. गाडी आणि गाडीवर बोलणारा माणूस, दोन्हींचा पुरवठा मुबलक. वादाला आणखी काय लागतं?

व्याख्या

शास्त्राची सुरुवात व्याख्येने होते. 'जीप' म्हणजे ज्या वाहनाला मुळात दारं नाहीत, छत असलंच तर ताडपत्रीचं आहे, आणि ज्यात बसलेल्या माणसाच्या अंगावर बाहेरच्यापेक्षा जास्त धूळ असते ते. दारं नसणं हे लक्षण नगर जिल्ह्यात विशेष मान्यताप्राप्त आहे. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसण्याची परंपरा आहे, तेव्हा गाडीला दारं नाहीत याचं इथं कुणाला नवल वाटत नाही. एसी, टचस्क्रीन आणि सनरूफवाली हल्लीची वाहनं दिसायला कितीही जीपसारखी असली, तरी या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचे मालक नाराज होतील, त्याला इलाज नाही.

वंशावळ थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. 1945 साली स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास त्या भारतात आणायला सुरुवात केली. मोहम्मद पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री झाले, कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि 1949 पासून माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. पुढे आली ती सीजे-थ्री-बी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे 'जीप' म्हटल्यावर उभी राहते ती. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र ते पुढेही वर्षानुवर्षं निघत राहिलं, कारण आपण एकदा स्वीकारलेली गोष्ट अशी घाईने सोडत नाही.

या मॉडेलबद्दलची एक बाब पुढच्या चर्चेसाठी कळीची आहे. हिचं बोनेट उंच आहे. ते शोभेसाठी उंच नाही. आतलं 'हरिकेन' इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावेना, म्हणून बोनेट वर उचलावं लागलं. आता ते इंजिनच काढलं, तर बोनेट कशासाठी उंच राहणार? हा प्रश्न प्रबंधकाराने अनेकांना विचारला. बहुतेकांनी "बॅटरी ठेवायला" असं तडकाफडकी उत्तर दिलं. त्यात तथ्य आहे, पण गांभीर्य नाही.

प्रत्यक्ष प्रमाण

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतलं प्रत्यक्ष म्हणजे ओट्यावर जाऊन बसणं.

ओट्यावरच्या वादाला ठरलेले पक्ष असतात. गाडीचे मालक तात्या. तात्यांचा पुतण्या, जो पुण्यात नोकरीला आहे आणि शनिवार-रविवारी गावी सुधारणा घेऊन येतो. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब. आणि मिस्त्री, जो स्वतःला तटस्थ म्हणवतो. मिस्त्री तटस्थ नाही. इंजिन गेलं तर कार्बोरेटर साफ करणं, पॉइंट घासणं, वॉटर पंपाला पॅकिंग बसवणं ही त्याची अर्धी विद्या जीपबरोबरच मोडीत निघते. पण हे त्याला कोणी तोंडावर सांगत नाही.

"तात्या, आता हिला इलेक्ट्रिक करून टाकू."

"का? हिनं तुझं काय घोडं मारलंय?"

"अहो, आजच्या भावात पेट्रोल परवडतं का?"

"न परवडायला ती चालती कुठं रे?"

पूर्वपक्षाचा सगळा सारांश या शेवटच्या वाक्यात आहे. जी जीप वर्षातून मोजक्या वेळा हलते तिचा इंधनखर्च जवळजवळ शून्य आहे. शून्यात बचत कशी करायची, हे पुतण्याच्या लॅपटॉपलाही सांगता येत नाही. सुभेदारसाहेब यावर काही बोलत नाहीत. ते एकदम जोंग्याकडे वळतात. जोंगा म्हणजे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या नमुन्यावर बनलेली, जवळपास चार लिटरच्या इंजिनाची गाडी. तिच्या पेट्रोल पिण्याच्या कथा ते सांगतात त्या तक्रारीच्या सुरात नव्हे, तर घरातल्या एखाद्या थोर मद्यप्याची आठवण काढावी तशा. मूळ मुद्दा बाजूला राहतो. चहा येतो, त्यात दूध असतं.

याच ओट्यामागे काकू असतात. काकूंचं मत कोणी विचारत नाही, त्यामुळे ते या वादातलं एकमेव व्यावहारिक मत आहे : गाडी चार्जिंगला लावली की बोअरची मोटर लावायची नाही, आणि मोटर लावली की गाडी नाही. एका फेजवर दोन्ही झेपणार नाहीत. पंधरा अँपियरच्या घरगुती प्लगमधून तासाला सुमारे तीन युनिट वीज निघते, म्हणजे तीस युनिटांची बॅटरी भरायला दहा तास. तोवर टाकी कोण भरणार? या प्रश्नाचं उत्तर प्रबंध लिहून होईपर्यंत मिळालेलं नाही.

हिचं मूळ कोणतं?

सनातनी पक्षाचा मुख्य आक्षेप असा : इंजिन हा जीपचा आत्मा आहे, तो काढला की उरतं ते कलेवर. वरवर पाहता हा युक्तिवाद भक्कम आहे. मात्र बोनेट उघडलं की तो कोसळतो.

कारण तात्यांच्या जीपमध्ये आज जे इंजिन आहे ते तिचं नव्हेच. तेलाचे भाव कडाडल्यानंतरच्या काळात महाराष्ट्रभर पेट्रोल जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, तेव्हा हिचंही मूळ इंजिन उतरलं. पुढे डिझेलच्या धुराला आणि खडखडाटाला कंटाळून दुसऱ्याच एका जीपचं पेट्रोल इंजिन आणून बसवलं. गिअरबॉक्स जुन्या बाजारातला, पाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवाल्याने करून दिलेले, सीट एसटीच्या रेक्झिनच्या, हॉर्न एका ट्रकचा. आणि इंधन बदलण्याचा प्रकार तर त्याहून जुना. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडच्या मोटारींच्या आणि बसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या आणि त्या कोळशाच्या वायूवर धावल्या. तेव्हा मोटारीचा आत्मा गेला म्हणून कुणी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही.

इथं मिलिंदपञ्हो या पाली ग्रंथाची आठवण अपरिहार्य आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, रथात बसून भिक्खू नागसेनाकडे आला. नागसेनाने त्याला विचारलं : महाराज, रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी कबूल झाला की या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात 'रथ' म्हणतात, एवढंच. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण मिलिंदाने नागसेनाऐवजी एखाद्या आरटीओ एजंटाला गाठलं असतं, तर एवढा वेळ लागला नसता. एजंट म्हणाला असता : चासी नंबर. चासीवर ठोकलेला आकडा आणि आरसीवरचा आकडा जुळला की रथ तोच, मग बाकी काहीही बदला. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी पाटीवरचं एमएच 16 जागचं हललं नाही, त्यातलाच हा प्रकार.

जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जो जागतिक महासंघ आहे, 'फिवा', त्याने मात्र कडक भूमिका घेतली आहे. विजेवर नेलेली गाडी ऐतिहासिक म्हणता येणार नाही, असं त्यांचं 2019 पासूनचं म्हणणं. कुणाला मोह आवरलाच नाही, तर बदल असा करावा की पुन्हा पूर्ववत करता येईल, आणि काढलेले सगळे मूळ भाग खुणा करून जपून ठेवावेत. वर्षभर आधीच, मे 2018 मध्ये, इंग्लंडचा राजपुत्र हॅरी आपल्या लग्नाच्या दिवशी विजेवर चालणाऱ्या जुन्या जग्वारमधून मिरवला होता, त्याचीही सल यामागे असेल. प्रबंधकाराला एवढंच नमूद करायचं आहे की फिवाच्या अटीतला उत्तरार्ध नगर जिल्ह्यात फार पूर्वीपासून पाळला जातो. तात्यांच्या जीपचं उतरवलेलं पहिलं इंजिन गोठ्यात पत्र्याखाली जपून ठेवलेलं आहे. खूण केलेली नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

अनुमान, म्हणजे हिशेब

आता आकडे. यातले काही मानलेले आहेत, पण अर्थशास्त्रातही हेच चालतं.

पेट्रोलवर जीप लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते. शंभराच्या वरचा भाव धरला तर किलोमीटरला साधारण बारा रुपये. विजेवर तीच जीप, हवेला कपाटासारखी आडवी येत, एका युनिटात पाच किलोमीटर जाईल. युनिट दहा रुपयांचं धरलं तर किलोमीटरला दोन रुपये. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला दहा रुपयांची बचत. इथवर पुतण्याचा चेहरा खुललेला असतो.

किट, बॅटरी आणि बसवणावळ मिळून सहा लाख माना. सहा लाखांना दहाने भागलं की साठ हजार किलोमीटर. एवढं अंतर कापलं की पैसे फिटले. आता जीपचं वार्षिक भ्रमण बघू : दसऱ्याला हार घालून वेशीपर्यंत, एका लग्नात नवरदेवाची मिरवणूक, मे अखेरीस काजवे बघायला भंडारदरा, आणि एकदा मिस्त्रीकडे ढकलत. शेवटचं अंतर हिशेबात धरावं का, यावर मतभेद आहेत. सढळ हाताने तीनशे किलोमीटर धरू. साठ हजार भागिले तीनशे, उत्तर दोनशे वर्षं. गुंतवणूक तेविसाव्या शतकात वसूल होते. तोवर बॅटरी टिकणार नाही, आणि तात्यांनीही तशी हमी दिलेली नाही.

पुतण्या हरत नाही. तो म्हणतो, गाडी इलेक्ट्रिक झाली की स्वस्तात पळेल, मग आपण ती रोज काढू. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी जिथं काही काम नाही तिथं रोज जाऊन यायचं. या सिद्धान्ताला प्रबंधकाराने 'बचतीची वणवण' असं नाव दिलं आहे.

न्याय द्यायचा तर विजेच्या बाजूला काही वजनदार मुद्दे आहेत, आणि पहिला मुद्दा वजनाचाच. चाळीस लिटरच्या टाकीत तीसेक किलो पेट्रोल मावतं आणि त्यात सुमारे साडेतीनशे युनिट ऊर्जा असते. तीस युनिटांची बॅटरी दोनशे किलोंच्या वर जाते. हे ऐकून सनातनी टाळ्या पिटतात. पण पेट्रोल इंजिन त्या साडेतीनशेतले तीन चतुर्थांशाहून अधिक युनिट नुसतं तापण्यात घालवतं. मोटर दहातले नऊ हिस्से चाकाला देते. शिवाय मोटर अगदी उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. ज्या चढावर तात्या फोर-व्हील टाकून, लो गिअर लावून, दात-ओठ खात क्लच सोडतात, तिथं मोटर काही न बोलता वर जाते. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर याचा खरा उपयोग आहे. हे तात्यांनाही कळतं, पण ते म्हणतात, "मग मी कशाला बसायचं गाडीत?" चढ चढणं आणि चढ चढवणं यांत फरक आहे, आणि त्यांना दुसरं आवडतं. या आक्षेपाला प्रबंधकाराकडे उत्तर नाही, आणि शोधायची इच्छाही नाही.

उतारावर मोटर उलटी जनित्र होते आणि बॅटरी भरते, याचं पुतण्याला फार कौतुक. म्हणून एखाद्या घाटातला तीनशे मीटरचा उतार धरून गणित मांडलं. बाराशे किलोंची जीप तेवढी वर चढवायला एक युनिट लागतं. उतरताना त्यातलं अर्धं किंवा थोडं जास्त परत येतं. म्हणजे पाच-सहा रुपये. अर्धा चहा. हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर अकोले तालुक्यात घाटघरला जावं. तिथं जादा विजेच्या वेळी खालचं पाणी वरच्या तलावात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून अडीचशे मेगावॉट वीज करतात. तात्यांची जीप आणि घाटघर प्रकल्प यांत तत्त्वाचा फरक नाही, फक्त शून्यांचा आहे.

उपमान

उपमान म्हणजे सारखेपणावरून ज्ञान. हे प्रमाण नगरमध्येच हजर आहे. कायनेटिकची लूना 1972 साली आली आणि नगरचं नाव देशभर घेऊन गेली. मास्तर, पोस्टमन, दूधवाले, एलआयसीचे एजंट, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली, सगळे तिच्यावर बसले. मग ती थांबली. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तीच लूना विजेवर परत आली, तीही नगरच्याच कारखान्यातून. तेव्हा पुतण्याचा प्रश्न रास्त आहे : लूना विजेवर आली तर कुणी हरकत घेतली नाही, मग जीपलाच काय धाड भरली?

उत्तर असं की जुन्या लूनेला पायडल होतं. पेट्रोल संपलं की माणूस पायडल मारत घरी येई. दोन इंधनांवर चालणारं इतकं साधं वाहन त्यानंतर कुणी काढलं नाही. ई-लूनेला पायडल नाही. तरी कुणी रडलं नाही, कारण ई-लूना नव्याने जन्माला आली आहे, जुन्या लूनेचं पोट फाडून कुणी त्यात बॅटरी भरलेली नाही. तात्यांच्या जीपची शस्त्रक्रिया मात्र जिवंतपणी व्हायची आहे, आणि तीही त्यांच्याच अंगणात.

विजेची गाडी ही नवी टूम आहे, हा गैरसमजही जाता जाता दूर करायला हवा. ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने, 1899 साली, विजेच्या मोटारीतून. पेट्रोलच त्या मानाने नंतर शहाणं झालं.

आवाज

हे प्रकरण वेगळं काढावं लागलं, कारण वादातली अर्धी शक्ती यावरच खर्च होते. जीपचा आवाज पिंपळापाशी ऐकू आला की घरात हालचाल सुरू होते : पोरं पुस्तकं उघडतात, दूरदर्शन संच बंद होतो, स्वयंपाकघरात आधण चढतं. विजेवर गेलेले तात्या न कळवता घरात येतील, आणि त्याचे कौटुंबिक परिणाम दूरगामी असतील. उलट पक्ष म्हणतो, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटं बघायची तर मुकी गाडीच हवी. आताची जीप तालुक्याच्या हद्दीत शिरली की काळविटं दिसेनाशी होतात. पण हाच जिल्हा बिबट्यांचाही आहे. संगमनेर-अकोल्याकडे उसाच्या फडाच्या कडेने रात्री घरी येताना खडखडाट करणारी गाडी म्हणजे सोबत. बिबट्याला आपण येतोय हे आधी कळलेलं दोघांच्याही हिताचं.

युरोपने यावर तोडगा काढला आहे. तिथं जुलै 2019 पासून विजेच्या नव्या मॉडेलना हळू वेगात मुद्दाम आवाज करणारं यंत्र लावावं लागतं, पादचाऱ्यांना कळावं म्हणून. आधी पैसे देऊन आवाज काढायचा, मग पैसे देऊन तो घालायचा. मिस्त्रीने हे ऐकलं तेव्हापासून त्याला या धंद्यात भवितव्य दिसू लागलं आहे.

प्रवरेचा शोध

आता या संशोधनाचा गाभा.

नगर हा साखरेचा जिल्हा आहे. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याचं राजकारण, लग्नकारण आणि जीपकारण त्याभोवती फिरू लागलं. चेअरमनची जीप ही एक स्वतंत्र संस्था होती. आज त्याच उसापासून इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. 2025 पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. त्यामुळे वादाला नवीन धार आली. पंपावर लिटरमागे वीस टक्के ऊसच गाडीत जात असेल, तर जीप विजेवर नेणारा माणूस शेतकऱ्याच्या मुळावर उठला, असा आरोप करता येतो, आणि तो ओट्यावर केला जातो. दुसरीकडे, जुन्या जीपच्या रबरी नळ्यांना, गॅस्केटना आणि कार्बोरेटरला इथेनॉल मानवत नाही, आणि त्यात पेट्रोलच्या मानाने लिटरमागे ऊर्जाही एक तृतीयांशाने कमी. म्हणजे ज्या उसाने तात्यांना जीप दिली, तोच ऊस आता तिच्या नळ्या कुरतडतो आहे.

पण खोलात गेल्यावर प्रबंधकाराला असं आढळलं की हा वाद मुळातच पोकळ आहे. ऊस पिकतो कशावर? प्रवरेच्या पाण्यावर. ते येतं कुठून? 1926 साली पुरं झालेल्या भंडारदरा धरणातून. आणि धरणातून निघालेलं पाणी कालव्याला लागण्याआधी काय करतं? जनित्र फिरवतं. भंडारदऱ्याला जलविद्युत केंद्रं आहेत, आणि पाणी आधी वीज करून मग खाली उसाकडे जातं. म्हणजे जीप पेट्रोलवर ठेवा की विजेवर न्या, थोडीफार ती चालणार प्रवरेवरच. दोन्ही पक्ष एकाच नदीचं पाणी पिऊन एकमेकांवर गुरकावतात. हा शोध ओट्यावर मांडला तेव्हा एक मिनिट शांतता पसरली. मग श्रीगोंद्याकडचे एक पाहुणे म्हणाले, "आमच्याकडं कुकडीचं पाणी आहे," आणि वाद पाटपाण्याच्या आवर्तनाकडे वळला. तो अद्याप परतलेला नाही.

शब्द

शब्दप्रमाण म्हणजे अधिकारी व्यक्तीचं वचन. पूर्वी ते वेदांचं असे, हल्ली राजपत्राचं असतं.

मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. विजेवर न्यायची तर किट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं हवं, ते अधिकृत माणसानेच बसवायला हवं, आणि आरटीओत त्याची नोंद हवी. म्हणजे मिस्त्री, पुतण्या आणि यूट्यूब या त्रयीच्या भरवशावर हे काम होणार नाही. अशी चाचणी करायचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिलेला आहे, त्यांत पुण्याची एआरएआय आहे आणि नगरची व्हीआरडीई आहे. ज्या प्रश्नावर ओट्यावर घसा कोरडा होतो, त्याचं उत्तर देण्याचा अधिकार असलेली संस्था त्याच जिल्ह्यात आहे. नगरकरांना याचं विशेष काही वाटत नाही.

पण खरी गंमत तारखेत आहे. पूर्ण विजेवर नेण्याची मुभा ज्या गाड्यांना आहे, त्या 1 जानेवारी 1990 रोजी किंवा त्यानंतर बनलेल्या असाव्या लागतात. तात्यांची जीप 1978 ची. म्हणजे गेली कित्येक वर्षं ओट्यावर जो वाद पेटलेला आहे, त्याचा निकाल त्या आधीच लागलेला होता, आणि तो तात्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटात, आरसीच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकात, उत्पादनाच्या रकान्यात लिहिलेला होता.

मग जीप जशी आहे तशीच 'व्हिंटेज' म्हणून जपावी? त्यासाठी जुलै 2021 चे नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला वीस हजार रुपये भरून खास नोंदणी आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. जीपची पन्नाशी 2028 मध्ये भरते. म्हणजे आज ती विजेसाठी फार म्हातारी आणि व्हिंटेजसाठी फार तरुण आहे, त्रिशंकूसारखी मधल्यामध्ये लोंबकळलेली. आणि 2028 उजाडल्यावरही इंजिनाची चौकशी होणार, तेव्हा गोठ्यातल्या पत्र्याखालचं ते पहिलं इंजिन बाहेर काढावं लागणार. ते फिरतं का, हे मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "बघावं लागेल," आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

हे सगळं तात्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्याला सांगू नको. दर शनिवारी येतो बिचारा."

तेव्हा निर्णय असा. 1990 च्या आधीच्या जीपवाल्यांनी विजेचा नाद सोडावा, रबरी नळ्या बदलून घ्याव्यात आणि मूळ इंजिन भंगारवाल्याच्या नजरेआड ठेवावं. 1990 किंवा त्यानंतरची जीप असलेल्यांनी, विशेषतः डोंगरात रोज फिरणाऱ्यांनी, विजेचा विचार जरूर करावा, कारण वर्षाला तीनशेऐवजी पंधरा हजार किलोमीटर पडत असतील तर तेच सहा लाख चार वर्षांत फिटतात. आणि ज्यांना आपली जीप कोणत्या सालची हेच ठाऊक नाही, त्यांनी हा प्रबंध बाजूला ठेवून आधी कपाटातली आरसी काढून बघावी.